काल कुठे होतास?

हजेरीपट हातात धरून हा प्रश्न मी आजवर किती वेळा विचारला असेल, त्याची गणती नाही. शिकवायला लागून मला २२ वर्षं झाली, त्यातली बहुतेक आठवी-नववीच्या वर्गांवर गेली. आदल्या दिवशी न आलेलं मूल उभं राहतं, खाली बघतं आणि म्हणतं, “बरं नव्हतं.” मी विचारते, “चिठ्ठी?” ते म्हणतं, “उद्या आणतो.” मी पुढच्या क्रमांकावर जाते. सगळं मिळून दहा सेकंदांचं काम.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात असाच एक मुलगा दोन दिवसांनी उगवला. उंच, अंगाने काडी, शर्टाच्या बाह्या हातांना पुरत नव्हत्या. मी विचारलं. तो म्हणाला, “बरं नव्हतं.” मी फळ्याकडे वळून तारीख लिहायला लागले. तेवढ्यात त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचा दबका आवाज कानावर आला, “काल कुठे होतास रे?”

शब्द माझेच होते. उत्तर मात्र वेगळं आलं. “घरात फार भांडणं झाली. रात्रभर झोप नाही. यावंसंच वाटेना.”

मी अर्धवट वळून पाहिलं. शेजारी काहीच बोलला नव्हता. बाकावर ऐसपैस पसरलेलं आपलं दप्तर त्याने ओढून पायाशी घेतलं आणि स्वतःची वही दोघांच्या मधोमध सरकवली. माझी तारीख लिहून झाली होती, तरी मी थोडा वेळ फळ्याकडेच तोंड करून उभी राहिले.

माझ्या प्रश्नात जाब होता. त्याच्या प्रश्नात, तुझी जागा रिकामी होती आणि ते मला जाणवलं, एवढं होतं. मूल काय ऐकायचं ते बरोबर ऐकतं. त्या दिवशी त्या मुलाने गणितं सोडवली. शेजाऱ्याच्या वहीत बघून का होईना, सोडवली. रात्रभर न झोपलेल्या चौदा वर्षांच्या पोराने समीकरण हातात घ्यावं, हे बळ त्याला माझ्या शिकवण्यातून आलं नव्हतं, हे मला तेव्हाच कळलं.

पालकसभेत एक वाक्य ठरलेलं असतं. “हुशार आहे हो, पण मनावर घेत नाही.” मीही हे वाक्य कैक वेळा म्हटलं आहे, प्रगतिपुस्तकात लिहिलंही आहे. आता लिहिताना हात थांबतो. मनावर घ्यायला मनावर जागा लागते. तिथे आधीच काय काय येऊन बसलं आहे, हे आपण कधी विचारलेलं नसतं. अभ्यासाची इच्छा ही मुलाच्या आत असलेली एखादी टाकी आहे, कुणाची भरलेली, कुणाची रिकामी, असं आपण धरून चालतो. पण तेच मूल तिसऱ्या तासाला मेल्यासारखं बसतं आणि चौथ्या तासाला पुढे सरसावून उत्तरं देतं, हे शिक्षकखोलीत बसणाऱ्या प्रत्येकाने पाहिलं आहे. मधल्या पाच मिनिटांत टाकी कशी भरली? विषय बदलला, हे खरं. पण समोरचा माणूसही बदलला, आणि बऱ्याचदा शेजारी बसणाराही.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाला आतून काम करावंसं का वाटतं, यावर आयुष्यभर काम केलं. डेसींनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना कोडी सोडवायला दिली होती. काहींना त्याचे पैसे दिले, काहींना नाही. पैसे थांबल्यावर, पैसे मिळालेल्यांची कोड्यांमधली गोडी कमी झालेली दिसली. पुढे दोघांनी मिळून जो सिद्धांत मांडला, त्यात माणसाच्या मनाच्या तीन भुका सांगितल्या आहेत. आपलं आपण ठरवता यावं ही एक, आपल्याला हे जमतं असं वाटावं ही दुसरी, आणि आपण कुणाचे तरी आहोत, इथले आहोत, ही तिसरी. पुस्तकात तिन्ही एका ओळीत येतात. वर्गात मला त्या तशा दिसत नाहीत. निदान तेरा ते सोळा या वयात तिसरी भूक दाराशी उभी असते. ती भागल्याशिवाय ती बाकीच्या दोघींना आत सोडत नाही. हे शास्त्रज्ञांचं म्हणणं नाही, माझं आहे.

का ते सांगायचं तर मला माझ्या स्वतःच्या चौदाव्या वर्षात जावं लागेल.

मोठ्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस होता. मी लवकर जाऊन नेहमीचा बाक पकडला आणि शेजारच्या जागेवर कंपासपेटी ठेवली. जागा धरून ठेवायची आमची तीच पद्धत. पाचवीपासून आम्ही दोघी एकत्र बसत होतो. ती आली, दारातून वर्गभर नजर फिरवली, माझ्याकडे पाहिलं, कंपासपेटीकडे पाहिलं आणि दोन बाक पुढे जाऊन दुसऱ्या मुलींच्यात बसली. भांडण झालेलं नव्हतं. आजही मला कारण माहीत नाही, आणि बहुधा कारण असं काही नव्हतंच. त्या वयात माणसं सरकतात. मी मात्र शाळा सुटेपर्यंत ती कंपासपेटी तिथून उचलली नाही. उचलली असती तर सगळ्या वर्गाला कळलं असतं, असं मला वाटत होतं.

त्या महिन्यात भूमितीत त्रिकोणांच्या एकरूपतेच्या कसोट्या शिकवून झाल्या. मला त्यातलं एक अक्षर आठवत नव्हतं. पण तिच्या वेणीची रिबीन कशी बांधलेली असायची, उजवं टोक डाव्यापेक्षा किती लांब, ती मान वळवून हसली की कुणाकडे बघून हसते, हे मी आजही काढून दाखवू शकेन. चाचणीत मी सपाटून पडले. सरांनी पेपर देताना विचारलं, “लक्ष कुठे असतं तुझं?” याचं खरं उत्तर दोन बाक पुढे असं होतं, पण ते देता येत नव्हतं. घरी सांगितलं की पेपर अवघड होता. पुढची दोन वर्षं मी स्वतःलाही तेच सांगत राहिले, की मला भूमिती जमत नाही. एक बाक रिकामा राहिला आणि एक विषय सुटला, ही जोडणी मला शिक्षिका झाल्यावर लागली.

बाहेरून पाहणाऱ्याला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. मोठ्यांना ती तशी वाटतेच. “अगं, एवढ्यासाठी काय रडतेस, दुसरी मैत्रीण कर.” पण किपलिंग विल्यम्स या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेली एक आठवण मला फार जवळची वाटते. ते एका बागेत बसले होते. खेळणाऱ्या दोन माणसांची उडती तबकडी त्यांच्यापाशी येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली. खेळणाऱ्यांनी ती पुन्हा त्यांच्याकडे टाकली आणि तिघांचा खेळ सुरू झाला. थोड्या वेळाने त्या दोघांनी, एक शब्दही न बोलता, यांच्याकडे टाकणं बंद केलं. अनोळखी माणसं, पाच मिनिटांचा खेळ, आणि तरी विल्यम्स यांना आतून फार लागलं. त्यातूनच पुढे त्यांनी प्रयोगासाठी संगणकावरचा चेंडूफेकीचा एक खेळ तयार केला. पडद्यावरचे दोन खेळाडू सुरुवातीला तुमच्याकडे चेंडू टाकतात, मग टाकेनासे होतात. इतकंच. एवढ्यानेही माणसाचा मूड उतरतो, स्वतःबद्दलचं मत खाली येतं. २००३ साली हाच खेळ खेळणाऱ्यांच्या मेंदूची चित्रं घेतली गेली, तेव्हा शरीराच्या वेदनेशी ज्याचा संबंध लावला जातो असा एक भाग वगळलं गेल्यावर जास्त सक्रिय झालेला दिसला. त्या भागाचं काम नेमकं काय, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. आपल्या भाषेने तो वाद केव्हाच मिटवला आहे. गुडघाही दुखतो आणि मनही दुखतं. क्रियापद एकच.

पुढे याच खेळाने किशोरवयीन मुलींची आणि मोठ्या बायकांची तुलना झाली. वगळलं गेल्यावर मुलींचा मूड जास्त घसरला. मला त्यात नवल वाटलं नाही. नवल याचं वाटतं, की ज्या वयात ही कातडी सगळ्यात पातळ असते, त्याच वयात आपण मुलांना दिवसाचे सहा-सात तास चाळीस-पन्नास समवयस्कांच्या समोर बसवतो आणि मग विचारतो की अभ्यासात लक्ष का नाही.

ही पातळ कातडी म्हणजे दोष नाही, हे मला इथे सांगायलाच हवं. लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि मार्गो गार्डनर यांचा २००५ सालचा एक अभ्यास बऱ्याच जणांना माहीत असतो. गाडी चालवण्याचा संगणकीय खेळ काहींनी एकट्याने खेळला, काहींनी मित्रांच्या देखत. किशोरवयीन मुलं मित्र शेजारी असताना कितीतरी जास्त धोका पत्करत होती, मोठ्या माणसांवर मात्र मित्रांच्या असण्याचा फारसा परिणाम होत नव्हता. आपण त्यातून लगेच वाईट संगतीची शिकवण काढतो. मी तो अभ्यास वाचला तेव्हा मला बाकावरचं दप्तर ओढून घेणारा तो मुलगा आठवला. मित्र शेजारी असला की अंगात येणारं हेच बळ गाडी भरधाव सोडायला लावतं, आणि रात्रभर न झोपता समीकरण सोडवायलाही लावतं. संगत चांगली की वाईट हा पुढचा प्रश्न झाला. संगतच नाही, अशी मुलं वर्गात असतात, आणि त्यांच्याबद्दल पालकसभेत कुणीही तक्रार करत नाही, कारण ती शांत असतात.

आणि आपण शाळा म्हणून काय करतो? प्राथमिक वर्गांत एक बाई दिवसभर असतात. त्यांना मुलाचा दात पडलेलासुद्धा माहीत असतो. मूल मोठ्या वर्गात जातं आणि दर तासाला नवा माणूस दारातून आत येतो. शिकवणारे सात-आठ जण, आणि त्यातल्या प्रत्येकासमोर दिवसभरात दोनशेच्या वर मुलं. याच सुमाराला गुणांची तुलना वाढते, क्रमांक लागतात, तुकड्या पडतात. जॅकलिन एकल्स आणि कॅरल मिजली या अमेरिकी संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि पुढे नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं. मुलांना घराबाहेरच्या मोठ्या माणसाच्या आधाराची गरज जेव्हा वाढते, नेमक्या तेव्हाच शाळा तो आधार पातळ करते. वयाबरोबर मुलांची अभ्यासातली गोडी कमी होत जाते, त्याचं खापर आपण वयावर आणि अंगातल्या रसायनांवर फोडतो. त्यातलं बरंचसं, त्या दोघींच्या मते, वय आणि शाळा यांच्या न जुळण्यातून येतं. मी हे वाचलं तेव्हा मला स्वतःच्या वेळापत्रकाचा राग आला होता. अजूनही येतो.

त्या वयाची मुलं तुम्हाला आपली गरज आहे असं दाखवतही नाहीत. उलट सांगतात की नाही. डोळे फिरवतात, “बरं बरं” म्हणतात. शिक्षकाला वाटतं, यांना आता आपण नकोच आहोत. पण शिक्षक आणि विद्यार्थी यांच्या नात्यावरचे ९९ अभ्यास डेबोरा रूर्डा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली एकत्र करून तपासले. नातं चांगलं असेल तर मुलं अभ्यासात जास्त गुंततात, हे तर त्यात निघालंच. पण हा संबंध लहान मुलांपेक्षा वरच्या वर्गांत अधिक ठळक होता. डोळे फिरवणाऱ्या पोरांना आपण जास्त हवे असतो. हे वाक्य मी माझ्या टेबलाच्या खणात आत चिकटवून ठेवलं आहे, कारण नववीच्या वर्गातून परत येताना ते रोज विसरायला होतं.

घर, शिक्षक आणि मित्र, या तिघांचं काम एकच नसतं, हेही मी उशिरा शिकले. कॅथरिन वेंट्झेल यांनी १९९८ साली सहावीच्या मुलांचा अभ्यास केला. शिक्षकांच्या आधाराचा संबंध वर्गातल्या आवडीशी आणि नियम पाळण्याच्या, जबाबदारीने वागण्याच्या इच्छेशी निघाला. मित्रांच्या आधाराचा संबंध दुसऱ्याला मदत करण्याच्या इच्छेशी निघाला. आईवडिलांच्या आधाराचा, शाळेतल्या आवडीशी आणि अभ्यासाकडे कशासाठी बघायचं याच्याशी. म्हणजे एका जागेची भरपाई दुसरी जागा पूर्णपणे करू शकत नाही. घरून भरपूर प्रेम मिळणारी मुलं शाळेत सुकलेली मी पाहिली आहेत. आईवडील हतबल होऊन म्हणतात, “आम्ही काय कमी करतो हो?” तुम्ही काही कमी करत नाही. मधल्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बसणं तुमच्या हातात नाही, एवढंच.

माझ्या हातात होतं तेव्हा मी काय केलं, तेही सांगते.

माझ्या नोकरीची चौथी किंवा पाचवी साल असेल. आठवीचा वर्ग. एक मुलगी, पहिल्या रांगेतली नाही, शेवटच्याही नाही, मधली. ती क्वचित हात वर करायची. त्या दिवशी केला, आणि उत्तर देताना एका शब्दाचा भलताच उच्चार करून बसली. वर्ग हसला. मीही हसले. वाईट हेतूने नाही, वर्गाबरोबर हसू येतं तसं. दोन सेकंदांत मी सावरले, वर्गाला गप्प केलं, तिला “छान, बस” म्हटलं. ती बसली. तिने पेनाचं टोपण लावलं. टक् असा बारीक आवाज झाला, तो मला अजून ऐकू येतो. उरलेल्या तासात तिने ते टोपण पुन्हा काढलं नाही. उरलेल्या वर्षात तिने हात वर केला नाही. मी नाव घेऊन विचारलं की उभी राहायची, उत्तर माहीत असलं तरी “येत नाही” म्हणायची. नववीला तुकडी बदलली. मी तिची माफी मागितली नाही. तेव्हा मला वाटलं की तो विषय काढला तर तिला आणखी अवघडल्यासारखं होईल. खरं तर अवघडलेली मी होते.

वर्ग हसला असता आणि मी हसले नसते, तर तिने ते सोसलं असतं, असं माझं ठाम मत झालं आहे. मुलांच्या हसण्यातून सावरायला एका मोठ्या माणसाचा न हसलेला चेहरा पुरतो. तो तिला त्या दिवशी मिळाला नाही.

त्यानंतर मी बदलले ते हळूहळू, आणि पहिल्यांदा वह्यांमध्ये. लाल शाईने “अक्षर सुधार”, “अपूर्ण”, “लक्ष दे” लिहायची मला सवय होती. डेव्हिड येगर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग माझ्या वाचनात आला. अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांनी निबंध लिहिले, शिक्षकांनी ते नेहमीसारखे तपासले, चुका दाखवल्या. मग अर्ध्या मुलांच्या निबंधाला एक चिठ्ठी चिकटवली गेली. माझ्या तुझ्याकडून मोठ्या अपेक्षा आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे लिहिले आहेत, अशा अर्थाची. बाकीच्यांच्या चिठ्ठीत नुसतं, तुला निबंधावर अभिप्राय मिळावा म्हणून शेरे देत आहे, असं होतं. पहिली चिठ्ठी मिळालेल्या मुलांनी निबंध पुन्हा लिहून आणण्याचं प्रमाण वाढलं, आणि सगळ्यात जास्त वाढलं ते कृष्णवर्णीय मुलांमध्ये, त्यातही शाळेवरचा ज्यांचा विश्वास उडालेला होता त्यांच्यात. ज्याला वाटत असतं की ही शाळा आपली नाही, त्याला लाल शाई म्हणजे पुरावा वाटतो. तीच लाल शाई, कुणाच्या हातून आणि कशासाठी आली हे कळलं, की मदत वाटते. मी ती चिठ्ठी जशीच्या तशी उचलली नाही. पण शेरा लिहिताना आता मुलाचं नाव लिहिते. “अपूर्ण” ऐवजी, “शेवटच्या परिच्छेदात तू काहीतरी चांगलं म्हणायला निघाला होतास, ते राहिलं. पूर्ण करून दाखव, मला वाचायचंय.” वेळ लागतो. पन्नास वह्यांना संध्याकाळ जाते. दहा वह्या रोज केल्या तर जमतं.

छळाबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. आपल्याकडे त्याला चिडवणं, टर उडवणं, वाळीत टाकणं अशी वेगवेगळी नावं आहेत, आणि चिडवणं म्हटलं की ते गमतीचं वाटू लागतं. युनेस्कोने २०१९ साली जगभरच्या आकड्यांवरून सांगितलं, की जवळजवळ तीनातल्या एका विद्यार्थ्याला मागच्या महिन्याभरात शाळेत एकदा तरी असा त्रास झाला होता. आता त्यात मोबाइलवरच्या ग्रुपची भर पडली आहे. ग्रुपमधून काढून टाकणं याला आवाज नसतो, वळ उठत नाही, आणि शाळा सुटल्यावरही ते सुटत नाही. पण मला जे सर्वांत जास्त आशा देतं, ते कॅनडातलं एक निरीक्षण. संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून पाहिलं. मुलं आमच्या वर्गांपेक्षा लहान होती. छळाच्या बहुतेक प्रसंगांत आसपास इतर मुलं हजर होती. मधे पडणारी थोडी होती, साधारण पाच प्रसंगांतून एका प्रसंगात कुणीतरी पडायचं. पण पडलं की निम्म्याहून जास्त वेळा तो प्रकार दहा सेकंदांच्या आत थांबला.

दहा सेकंद. माझ्या हजेरीच्या प्रश्नाला लागतात तेवढे.

म्हणून मी आता वर्गात “कुणाला चिडवायचं नाही” हे भाषण जवळजवळ देत नाही. बघत उभ्या राहणाऱ्यांशी बोलते, आणि तेही एकेकट्याशी. “काल ग्राउंडवर तू होतीस ना? तुला काय वाटलं?” बहुतेकींना वाईट वाटलेलं असतं. आपल्यालाच वाईट वाटतंय, बाकीच्यांना मजा येतेय, असा प्रत्येकीचा समज असतो. बाकीच्याही असंच समजतात, हे कळलं की पुढच्या वेळी एखादी तोंड उघडते. एखादीच. ती पुरते.

मित्र किती हवेत, हाही प्रश्न आईवडील मला फार काळजीने विचारतात. “हिला ग्रुपच नाही.” ग्रुप असायलाच हवा असं नाही. लोकप्रिय असणं आणि कुणाचं तरी असणं, या दोन गोष्टी मुलं स्वतःसुद्धा एक समजतात, तिथे त्यांची फार ओढाताण होते. ज्यांना छळ सोसावा लागतो अशा मुलांवरच्या अभ्यासांत, एक खरा, दोन्ही बाजूंनी मानलेला मित्र असेल तर पुढचे परिणाम सौम्य होतात, असं दिसलं आहे. एक. संकोची मुलाला बळेच घोळक्यात ढकलून काही साधत नाही. त्याच्यासारखंच पुस्तकात डोकं घालणारं दुसरं मूल शोधून दोघांना वाचनालयाची कपाटं लावायला पाठवावं. मी पाठवते. बोलायला विषय असला आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती नसली, की संकोची मुलं बोलतात.

आणि मोठं माणूस? तेही एक पुरतं का? एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई बेटांपैकी काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. त्यांतल्या काहींचं बालपण सगळ्या बाजूंनी खडतर होतं. तरी अशा मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, कर्तबगार, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात काय होतं, हे शोधताना आईवडिलांखेरीज एखाद्या मायेच्या मोठ्या माणसाचा आधार वारंवार समोर आला, आणि त्यात आवडत्या शिक्षकांचा उल्लेख बऱ्याचदा होता. या अभ्यासाची आठवण झाली की मला धीर येतो आणि धडकीही भरते. सगळ्या मुलांचं आवडतं माणूस मी होऊ शकत नाही. पण प्रत्येक मुलाला कुणीतरी एक आहे का, हे तपासता येतं. आम्ही काही जणी वर्षातून दोनदा शिक्षकखोलीत वर्गाची यादी मांडून बसतो. ज्या मुलाविषयी गुणांखेरीज एक तरी गोष्ट ठाऊक आहे, त्याच्या नावापुढे आपली खूण करायची. त्याला घरी काय आवडतं, कशाची भीती वाटते, कोण आजारी आहे, काहीही. पहिल्या वेळी नऊ नावांपुढे एकही खूण नव्हती. ती नऊ मुलं कधी त्रास न देणारी होती. त्यातल्या तिघांची नावं तर मला चेहऱ्याशी जोडता येईनात.

त्या नवातला एक मुलगा म्हणजे तो, काडीसारखा, बाह्या न पुरणारा. यादी मांडली तेव्हा मला त्याच्याबद्दल फक्त त्याचा हजेरी क्रमांक माहीत होता. त्याचं ते उत्तर कानावर आलं, त्या दिवसानंतर मी त्याच्या नावापुढे खूण केली, आणि दप्तर ओढून घेणाऱ्या त्याच्या शेजाऱ्याचं नाव त्याच ओळीत लिहिलं.

त्या वर्षी शेवटच्या सत्रात तो पुन्हा गैरहजर राहिला, या वेळी ओळीने आठ दिवस. घरी फोन केला, दोनदा उचलला गेला नाही, तिसऱ्यांदा आई बोलली, थोडं रडली. येईल म्हणाली. नवव्या दिवशी तो दारात उभा होता. वर्गात शिरताना त्याची नजर थेट आपल्या बाकावर गेली. मीही मुद्दाम हजेरीपट उघडला नाही. “ये,” म्हणाले.

तो जाऊन बसला. शेजाऱ्याने काही न विचारता दप्तरातून एक नवी कोरी वही काढून त्याच्या पुढ्यात टाकली. मी जवळून जाताना ती पाहिली. आठही दिवसांच्या तारखा घातलेल्या, प्रत्येक तारखेखाली सगळ्या विषयांचं टिपण, गणिताच्या पायऱ्यांसकट. एका तारखेखाली फक्त एवढं होतं, “आज ऑफ पिरियड होता, तू पाहिजे होतास.” अक्षर भयंकर होतं, ओळी उतरत उतरत कोपऱ्यात गेलेल्या.

उंच मुलाने पानं चाळली, शेवटपर्यंत. मग म्हणाला, “अरे काय अक्षर आहे हे! हे सात आहे की एक?”

“सात.”

“शून्याला टोपी काय घालतोस?”

“तू बघ ना, कळतं का.”

त्याने वही स्वतःकडे ओढली, पेनाचं टोपण काढलं, पहिल्या तारखेच्या सातांवर एक आडवी रेघ मारली आणि उतरवून घ्यायला लागला.